चारित्र्याचा दाखला

दीक्षाभूमी प्रताप नगरापासून इतकी जवळ आहे की आम्हा रहिवाशांपैकी बहुतेकांना ती दिसेनाशी झाली आहे. सकाळी जरा नेट धरून चालणारा मनुष्य न थकता तिथवर जाऊन येऊ शकतो. पण आमची पावले साधारणतः दुसऱ्या दिशेला वळतात, कारण त्या बाजूला भाजी ताजी मिळते. वर्षातून एकदा, अशोक विजयादशमीच्या आगेमागे, विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून, मराठवाड्यातून, तेलंगणातून आणि मध्य प्रदेशातून आलेले शुभ्र वस्त्रांतले जनसमुदाय नागपुरात उतरतात, पायी चालत स्तूपाकडे जातात, पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लावतात आणि रात्री मिळेल त्या फुटपाथावर गाठोडे उशाला घेऊन निजतात. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या वसाहतीतला सद्गृहस्थ वर्तमानपत्र उघडून कोणते रस्ते बंद आहेत एवढे पाहून घेतो आणि उरलेला मजकूर उद्यावर टाकतो. हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. मी त्यातलाच एक आहे, आणि ज्या प्रसंगामुळे आज हे लिहावेसे वाटले त्या प्रसंगीही मी त्यातलाच एक होतो.

आमच्या इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेची सभा गेल्या मे महिन्यात खाली वाहनतळात भरली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, वाऱ्यापेक्षा आवाज अधिक देणारा एक कूलर, कागदी पेल्यांतला चहा, आणि विषयपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाला पहारेकऱ्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद. संस्थेने नव्या शिरस्त्याप्रमाणे पोलिसांकडे अर्ज केला होता आणि उत्तरात असे आले होते की, सदर इसमास एकोणीस वर्षांपूर्वी, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, चोरीच्या गुन्ह्यात आठ महिन्यांची सजा झाली असून ती त्याने पुरी भोगली आहे. हा यवतमाळकडचा मनुष्य आमच्या फाटकाशी दोन वर्षे होता. नळाला रात्री-बेरात्री केव्हाही पाणी आले तरी उठून मोटार लावणे, पोरांच्या सायकलींच्या उतरलेल्या साखळ्या चढवून देणे, सिलिंडरवाला कोणाच्या मजल्यावर वळला हे वर हाक मारून सांगणे, ही कामे त्याच्या नेमणुकीच्या कागदात नव्हती. त्याच्याविरुद्ध एकही फिर्याद नव्हती. होता तो एक कागद. चर्चा फार तर दहा मिनिटे झाली. एकाने मुलीबाळींचा विषय काढला, दुसऱ्याने विम्याचा, तिसरा म्हणाला की माणूस चांगला आहे पण उद्या काही झाले तर जबाब कोण देणार. आणि त्याला कामावरून काढण्याचा ठराव सर्वानुमते संमत झाला. मी पस्तीस वर्षे वकिली केली आहे, ज्यांच्या नावावर याहून कितीतरी काळे मजकूर होते अशांचे जामीन मागितले आहेत, आणि त्या संध्याकाळी मी चहाचा पेला खुर्चीखाली ठेवून हात वर केला.

त्याला बोलावून सांगण्यात आले. त्याने कागद पाहायला मागितला नाही, कारणही विचारले नाही. एवढेच म्हणाला, “मंग आजची रात करू का जी?”

दक्षतेची निंदा करण्यासाठी मी हे सांगत नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. पडताळणी असावी, ज्यांच्या घरात म्हातारी माणसे एकटी असतात त्यांना फाटकाशी कोण उभा आहे हे जाणून घेण्याचा हक्क आहे. मला छळतो तो प्रश्न निराळा आहे. आमच्या त्या सभेत बसलेल्यांपैकी निदान चौघांच्या दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आहे, एकाच्या घरी तर ती पितळेची, दीड फूट उंचीची आहे, आणि तिच्या मुखावरील शांती पाहून पाहुण्यांना किती प्रसन्न वाटते हे तो गृहस्थ वारंवार सांगत असतो. बुद्ध म्हणजे करुणा, करुणा म्हणजे मृदुता, आणि मृदुता म्हणजे कोणाला काही न बोलणे, अशा सोप्या समीकरणाने आम्ही त्या महापुरुषाला शोभेच्या कपाटात बसवले आहे. दोष असलेल्या माणसाचे काय करावे या विषयावर त्याच्या परंपरेने पुष्कळ बारकाईने, आणि कित्येक ठिकाणी कठोरपणेही, विचार केला आहे, हे त्या कपाटाच्या काचेतून दिसत नाही.

अंगुलिमालाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, निदान त्यातला थांबण्याचा संवाद तरी. तो मी पुन्हा सांगत नाही. पण मज्झिम निकायातले मूळ सुत्त वाचले तर बालपणी ऐकलेल्या गोष्टीत नसलेल्या काही बाबी तिथे भेटतात आणि त्याच अधिक मोलाच्या आहेत. पहिली बाब ही की, त्याने माणसे का मारली याचे कोणतेही कारण सुत्तात दिलेले नाही. मत्सरी सहाध्यायी, फसलेला गुरू, हजार बोटांची गुरुदक्षिणा ही सारी कहाणी नंतरच्या अट्ठकथेतली. मला वाटते, पुढच्या पिढ्यांना ते मौन सहन झाले नसावे. ज्याला संघाने पदरात घेतले त्याच्या पातकाला काहीतरी निमित्त, काहीतरी कैफियत असलीच पाहिजे, असे त्यांना वाटले असावे, जसे आम्हा वकिलांना प्रत्येक अशिलाच्या बाबतीत वाटते. सुत्तकाराला त्याची गरज भासली नाही. समोरचा मनुष्य क्रूर आहे, रक्ताने हात माखलेला आहे, आणि तो वळू शकतो, एवढ्या तीन गोष्टी त्याला पुरेशा होत्या.

दुसरी बाब राजा प्रसेनजिताची. पाचशे घोडेस्वार घेऊन तो या दरोडेखोराच्या पारिपत्यासाठी निघाला असता वाटेत जेतवनात थांबतो. बुद्ध त्याला विचारतो की, हाच अंगुलिमाल मुंडन करून, काषाय वस्त्रे नेसून, हत्येपासून निवृत्त झालेला दिसला तर तू काय करशील. राजा म्हणतो की वंदन करीन, आसन देईन, चीवर आणि भिक्षा देईन, पण अशा दुर्वृत्ताला असे शील येईल कोठून? तेव्हा तो जवळच बसलेला आहे असे त्याला हात करून दाखवले जाते आणि कोसलाधिपतीच्या अंगावर काटा उभा राहतो. भय ओसरल्यावर राजा जे करतो त्याकडे कोणत्याही न्यायालयीन माणसाचे लक्ष जावे. तो त्या भिक्षूला त्याच्या पित्याचे गोत्र विचारतो, मातेचे गोत्र विचारतो, आणि नंतर त्या दोन नावांनी, आदरार्थी संबोधन लावून, त्याच्याशी बोलतो. सत्तेने पकडण्यासाठी काढलेला फौजफाटा जागच्या जागी विरघळला तो या नाव विचारण्यात. लोकांनी ठेवलेले नाव बोटांच्या माळेचे होते. आईबापांकडून आलेले नाव राजाने शोधून काढले. आमच्या पहारेकऱ्याचे पूर्ण नाव मला पोलिसांच्या कागदावरून प्रथम कळले, आणि मी त्याला दोन वर्षे रोज भेटत होतो.

तिसरी बाब मला सर्वांत अवघड वाटते. भिक्षू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा कोणी फेकलेले ढेकूळ, कोणी फेकलेली काठी, कोणी फेकलेले खापर त्याच्या अंगावर येऊन आदळते. डोके फुटते, पात्र भंगते, चीवर फाटते, आणि रक्ताने न्हालेला तो विहारात परततो. आधुनिक लेखक असता तर त्याने बुद्धाच्या तोंडी नगरवासीयांसाठी एखादे क्षमेचे प्रवचन घातले असते. तसे काही होत नाही. बुद्ध त्या भिक्षूलाच सांगतो की सोस, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. ज्यांची मुले त्या अरण्यात गेली त्या माउल्यांनी त्याला आपले म्हणावे अशी आज्ञा कोणी केलेली नाही, आणि पूर्ववृत्त पुसून टाकण्याची सवलतही त्याला मिळालेली नाही. प्रसववेदनांनी तळमळणाऱ्या स्त्रीसाठी सत्यवचन करायला त्याला पाठवताना बुद्ध प्रथम जे शब्द सुचवतो त्यांचा अर्थ, जन्मापासून मी जाणूनबुजून जीवहत्या केलेली नाही, असा होतो. आणि अंगुलिमालच म्हणतो की हे तर खोटे बोलणे होईल. मग आर्यजन्मापासून, म्हणजे प्रव्रज्येपासून, असा बदल होतो आणि तेवढे सत्य त्या बाळंतिणीला पुरते. आजही श्रीलंकेसारख्या देशांत गरोदर स्त्रियांसाठी हेच परित्त म्हटले जाते. ज्याला पाहून आया लेकरांना पोटाशी धरीत त्याचे नाव बाळंतपणाच्या खोलीत उच्चारले जावे, यासाठी त्याचा भूतकाळ झाकावा लागला नाही.

आणि याला जोडून विनयपिटकातला नियम. कुप्रसिद्ध चोर संघात पाहून लोक बिथरले, कुरकुर करू लागले, तेव्हा येथून पुढे अशा नामांकित चोराला प्रव्रज्या देऊ नये असा निर्बंध घालण्यात आला. पुढे तुरुंग फोडून आलेल्यांच्या बाबतीतही तसेच झाले. भाबड्या करुणेची कल्पना उराशी धरणाऱ्यांना हा नियम अडचणीचा वाटतो. मला तो फार शहाणपणाचा वाटतो, कारण संघ लोकांच्या भिक्षेवर जगत होता आणि लोकांच्या भयाला काही किंमतच नाही असे मानणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. मात्र हा हुकूम पूर्वलक्षी नव्हता. ज्याच्यामुळे नियम झाला त्या अंगुलिमालाला संघाबाहेर काढण्यात आले नाही. तो आतच राहिला, अर्हत झाला. आमच्या संस्थेने नवा शिरस्ता केला तो नव्या नेमणुकीसाठी करता आला असता. आम्ही तो दोन वर्षे आत असलेल्या माणसाला लावला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे सारे किती विचारपूर्वक निवडले होते हे पाहायचे असेल तर त्यांच्या निर्वाणानंतर, १९५७ साली, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नुसती रचना पाहावी. परिव्राजकांची दीक्षा, मग श्रेष्ठांची आणि पवित्रांची, मग उपाली नाभिकाची, सुनीत झाडूवाल्याची, सुप्रबुद्ध कुष्ठरोग्याची, मग स्त्रियांची, आणि त्या खंडाचा शेवटचा भाग पतितांचा व गुन्हेगारांचा. त्यातही शेवटी धर्मांतरातल्या जोखमीवर एक प्रकरण आहे. जोखीम हा शब्द त्यांनी टाळला नाही. कायद्याचा एवढा मोठा पंडित, घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, दोषी माणसाच्या स्वीकाराबद्दल लिहिताना ज्याने स्वीकारायचे त्याच्या डोक्यावरचा धोकाही जमाखर्चात धरतो, ही गोष्ट मला भाविकांच्या शंभर व्याख्यानांहून अधिक पटते. त्याच ग्रंथात ते करुणेवर थांबत नाहीत. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत, आणि धम्माला मैत्रीशिवाय पुरेपणा नाही, असे ते मांडतात. त्यांच्या लेखी ही भावनेची ऐष नव्हती. समाज कशावर उभा राहतो याचा तो हिशेब होता.

आणि दीक्षाभूमीवरचा १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आठवा. महास्थविर चंद्रमणींकडून स्वतः दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी समोरच्या अफाट जनसमुदायाला सांगितले की ज्यांना धम्म स्वीकारायचा असेल त्यांनी उभे राहावे. आणि लाखो माणसे उभी राहिली. पात्रतेची अट एवढीच होती, उभे राहण्याची. कोणाला गावच्या पाटलाचा दाखला मागितला गेला नाही, कोण काल दारू पिऊन पडला होता, कोणाच्या नावावर कोणत्या ठाण्यात नोंद आहे, याची चौकशी झाली नाही. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, मद्य पिणार नाही, या प्रतिज्ञा नंतर आल्या, उभे राहिलेल्यांसाठी आल्या. आधी स्वीकार आणि मग शिस्त असा तो क्रम होता. आपल्या कचेऱ्यांत, आपल्या शाळांत आणि आपल्या गृहनिर्माण संस्थांत तो नेमका उलटा चालतो. पंचशीलातला प्रत्येक नियम ‘सिक्खापद’ म्हणजे शिक्षापद म्हणवला जातो, शिकण्याची एक पायरी. नागपुरातल्या कोणत्याही वस्तीतल्या विहारात सकाळी जाऊन उभे राहावे. मागच्या रांगेत एखादा असा मनुष्य असतोच की ज्याचे पाचवे शील आदल्या रात्रीच मोडलेले सर्वांना ठाऊक असते, त्याच्या बायकोला तर चांगलेच ठाऊक असते, आणि तरी तो हात जोडून बाकीच्यांच्या बरोबरीने ते पुन्हा म्हणत असतो. त्याला कोणी बाहेर काढत नाही. काढले असते तर उद्या म्हणायला तो आला नसता.

यावर विचारले जाईल की धर्मग्रंथातली उदाहरणे ठीक आहेत, व्यवहारात असे कोठे कोणी केले आहे का? आपल्याच महाराष्ट्रात केले आहे. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले, जिथे भिंती नव्हत्या आणि गंभीर गुन्ह्यांत सजा झालेले कैदी शेती करून, बायकामुलांसह राहू लागले. ती वसाहत आजही आहे. त्याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपट आपण डोळे पुसत पाहिला. वाहनतळातल्या सभेत तो कोणाला आठवला नाही.

उलट दिशेचे उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या हजेऱ्या लावल्या, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरी शिक्का पुसायला कायदा पुरा पडत नाही, हे लक्ष्मण गायकवाडांचे १९८७ सालचे ‘उचल्या’ वाचलेल्यांना सांगायला नको. एका माणसाच्या एका कृत्याचे त्याच्या संपूर्ण नावात रूपांतर करण्याची सवय एकदा समाजाला लागली की ती एका माणसावर थांबत नाही, मुलाबाळांपर्यंत उतरते.

शिवाय आपली कठोरता सर्वांना सारखी नसते, हेही कबूल केले पाहिजे. बुद्धाला मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी १८९९ साली पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून घराबाहेर पडले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःचे काही लपवून ठेवलेले नाही, आणि १९४७ च्या जूनमध्ये येथून फार दूर नसलेल्या सेवाग्रामात अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. त्या घर सोडण्याबद्दल त्यांच्यावर शिक्का मारावा असे मला किंचितही वाटत नाही. त्यांच्या ज्ञानतृष्णेपुढे आपण नतमस्तकच होतो, आणि तेच योग्य आहे. पण मग लक्षात येते की विद्वानाच्या आयुष्यातला असा प्रसंग आपण चरित्रातला एक अध्याय म्हणून वाचतो आणि पहारेकऱ्याच्या आयुष्यातला असा प्रसंग रेकॉर्ड म्हणून वाचतो. अध्यायानंतर पुढचा अध्याय येतो. रेकॉर्डाला पुढचे पान नसते.

काय करता आले असते? फार काही अलौकिक नव्हे. कोणत्याही दिवाणी दाव्यात, समोरचा कितीही लबाड असला तरी, त्याच्यावर समन्स बजावला जातो आणि त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून अंतिम निकाल होत नाही. आम्ही त्याला एक खुर्ची देऊन पाच मिनिटे विचारू शकलो असतो की काय झाले होते, त्यानंतरची एकोणीस वर्षे कशी गेली. एखाद्याला तरी म्हणता आले असते की सहा महिने मी हमी घेतो. म्हणजेच काही जोखीम, थोडीशी, पत्करता आली असती. जी पत्करल्याशिवाय करुणा हा शब्द उच्चारण्याचा अधिकार नाही असे मला आता वाटू लागले आहे. हे मी तेव्हा बोललो असतो तर ठराव फिरला असता की नाही, सांगता येत नाही. कदाचित नसता फिरला. पण इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द आला नसता.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. नवा मनुष्य दुसऱ्या दिवशी यायचा होता, आणि फाटक एक रात्र मोकळे ठेवणे कोणालाच सोयीचे नव्हते, म्हणून चिटणीस म्हणाले की हो, आजची करून टाक. ज्याच्या हाती आपली दारे सुरक्षित नाहीत असे आम्ही संध्याकाळी सात वाजता ठरवले, त्याच्याच भरवशावर रात्री दहा वाजता आम्ही सारे दिवे मालवून झोपलो. पुढे काही दिवसांनी एका पार्सलची नोंद शोधण्यासाठी मी फाटकावरची वही चाळत होतो. त्या रात्रीचे पान मध्ये लागले. बॉलपेनने, ओळ सोडून थोडे वर चढत गेलेल्या अक्षरात, शेवटची नोंद होती: पहाटे ४.१०, नळ आला, मोटार लावली. खाली सही, पूर्ण नावाची.